रायफल खोलण्याआधी क्रोनो तपासा

"सर, रायफल आज दहानं कमी दाखवायली."

एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली क्रोनोवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर, एअर रायफल तपासताना हे वाक्य कानावर आलं की पाच मिनिटांत कुणीतरी अ‍ॅलन की काढतं आणि रेग्युलेटरच्या (रायफलीतला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाच्या) स्क्रूला हात घालतं. तो हात तिथेच थांबावा म्हणून हे लिहीत आहोत. पहिला प्रश्न असा विचारायचा की दहा म्हणजे दहा काय, फूट की मीटर? क्रोनो सेकंदाला फूट दाखवत असेल तर दहाचा फरक म्हणजे जेमतेम 3 मीटर. फुटांना 0.3048 ने गुणलं की मीटर मिळतात, म्हणजे 575 फूट म्हणजे 175 मीटर. बॅटरी बदलल्यावर काही यंत्रं आपोआप फुटांवर जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. या लेखातले सगळे वेग मीटर प्रति सेकंदात आहेत.

आता यंत्र. नेहमीच्या ऑप्टिकल क्रोनोत दोन सेन्सर असतात, बहुतेक वेळा एकमेकांपासून 30 सेंमीच्या आसपास. पेलेट, म्हणजे आपला छर्रा, पहिल्यावरून जाताना त्याची सावली पडते आणि घड्याळ सुरू होतं. दुसऱ्यावर सावली पडली की थांबतं. 175 च्या वेगानं 30 सेंमी कापायला सुमारे 1.71 मिलिसेकंद लागतात. घड्याळ सहसा चुकत नाही. चुकतं ते सावली पकडण्यात. एका सेन्सरनं पेलेट 3 मिमी उशिरा पाहिलं तरी अंतरात 1 टक्का फरक पडला, म्हणजे वेगात पावणेदोन मीटर. रायफलीचा स्वतःचा फरक अनेकदा याहून कमी असतो. म्हणून आधी संशय घ्यायचा तो प्रकाशावर आणि मांडणीवर.

मांडणी गवंड्यासारखी करा. तिवई थेट काळ्या मातीवर नको. पाऊस पडून गेला असेल तर पाय रुततात, उन्हाळ्यात भेगांच्या कडा ढासळतात, आणि दहा-वीस शॉटमध्ये क्रोनो कधी कलला ते कळत नाही. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा एकेक तुकडा ठेवला की काम भागतं. मग लेव्हल बॉटल क्रोनोच्या पाठीवर लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे लावून पाहा. रायफल सँडबॅगवर ठेवा. नळीच्या तोंडापासून पेलेट ट्रॅपच्या (छर्रे अडवणाऱ्या पेटीच्या) मधोमध असा दोरा ताणा आणि तो दोन्ही सेन्सरांच्या बरोबर मध्यावरून, सारख्याच उंचीवर जातो का ते पट्टीनं मोजा. बऱ्याच यंत्रांत सेन्सरपासून 10 ते 15 सेंमी उंची चालते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत काय दिलंय ते पाहून त्या पट्ट्यातच राहा. 4.5 मिमीच्या पेलेटची सावली मुळातच बारीक, त्यात ते उंचावरून गेलं की सेन्सरला दिसतच नाही. क्रोनो तिरपा राहिला तर पेलेट दोन सेन्सरांमध्ये जास्त लांबची वाट धरतं आणि वेग कमी दिसतो. 3 अंशांच्या तिरपेपणानं फरक पाव मीटरच पडतो, पण 10 अंशांत तो पावणेतीन मीटर होतो. दोरा लावला की ही भानगड उरत नाही.

दोऱ्याचं दुसरं कारण जास्त खर्चिक आहे. मॅच रायफलीची नजरेची रेघ नळीच्या रेघेपेक्षा पाच-सहा सेंटीमीटर वर असते. डोळ्याला दिसतं की आपण सेन्सरच्या वर आरामात दहा सेंमीवर आहोत, प्रत्यक्षात नळीचं तोंड त्याच्या निम्म्यावर रोखलेलं असतं. पेलेट क्रोनोच्या पुढच्या भिंतीत घुसतं आणि यंत्र कायमचं जातं. क्रोनो फुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. उपाय सोपा आहे. क्रोनोच्या पुढे, नळीच्या बाजूला, अर्ध्या फुटावर जाड पुठ्ठा उभा करा, दोरा जिथून जातो तिथे 5 सेंमीचं भोक पाडा, आणि पहिले दोन-तीन शॉट क्रोनो बाजूला काढून मारा. छिद्रं भोकाच्या आत पडली तरच क्रोनो परत ठेवा. चष्मा सगळ्यांनी घालायचा, जवळ बसून वहीत आकडे लिहिणाऱ्यानंसुद्धा.

नळीचं तोंड आणि पहिला सेन्सर यांत 1 मीटर ठेवा आणि ते अंतर प्रत्येक वेळी टेपनं मोजा. फार जवळ गेलात तर पेलेटमागून सुटलेली हवा सेन्सर चाळवते. फार लांब गेलात तर हवेच्या अडथळ्यानं वेग घटलेला असतो. चपट्या तोंडाचं मॅच पेलेट 175 च्या वेगाला दर मीटरमागे साधारण 2 मीटर प्रति सेकंद गमावतं. मागच्या महिन्यात अर्ध्या मीटरवरून मोजलं आणि आज दीड मीटरवरून, तर रायफल काहीही न बिघडता 2 नं 'उतरली' असं दिसणार.

प्रकाशाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण मराठवाड्यात सगळी फजिती इथेच होते.

ऑप्टिकल क्रोनोला वरून येणारा सारखा, पसरलेला उजेड हवा असतो. श्रावणातलं एकसलग पांढरं आभाळ म्हणजे त्याच्यासाठी सर्वोत्तम दिवा. तेव्हा वरच्या पांढऱ्या झडपा, म्हणजे डिफ्यूजर, नसल्या तरी चालतं. पण आपल्याकडे वर्षातले बरेच महिने आभाळ निळं, कोरडं आणि सूर्य डोक्यावर. निळ्या आभाळाखाली डिफ्यूजर लावायलाच हवेत आणि पूर्ण वाटेवर लावायला हवेत. सकाळी सात ते नऊ ही वेळ उष्णतेच्या दृष्टीनं चांगली, पण तेव्हा सूर्य खाली असतो आणि डिफ्यूजरच्या खालून थेट सेन्सरच्या भिंगात शिरतो. सूर्याच्या बाजूला पुठ्ठ्याची आडोशाची भिंत उभी करा, पण तिची सावली दोन्ही सेन्सरांवर सारखी पडू द्या. एक सेन्सर उन्हात आणि एक सावलीत असेल तर दोघांची पेलेट ओळखण्याची जागा वेगळी होते आणि वर सांगितलेली 3 मिमीची चूक तयार होते.

पत्र्याच्या शेडखाली तर ही चूक चालून येते. पत्र्याला खिळ्याचं जुनं भोक असतं, त्यातून रुपयाएवढा कवडसा खाली पडतो आणि ऊन सरकेल तसा क्रोनोवरून चालत जातो. अकराला तो पहिल्या सेन्सरवर असतो, सव्वाअकराला दोन्हींच्या मध्ये, साडेअकराला दुसऱ्यावर. वही पाहिली तर त्या अर्ध्या तासात वेग आधी एका बाजूला झुकलेला, मग ठीक, मग दुसऱ्या बाजूला. रायफलीत कुठलाच बिघाड अशा शिस्तीत, घड्याळ लावून येत नाही. आकडे असे हळूहळू एका दिशेनं सरकू लागले की आधी वर पत्र्याकडे पाहा. भोकावर काळी टेप चिकटवली की आजार बरा.

शेडखाली किंवा हॉलमध्ये आभाळ नाही, म्हणून दिवा लागतो. ट्यूबलाइट आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, हलक्या ड्रायव्हरचे एलईडी बल्बही तसेच. डोळ्याला दिसत नाही, सेन्सरला दिसतं. वीज गेली आणि हॉल इन्व्हर्टरवर आला की लुकलुक वेगळ्या तऱ्हेची होते आणि मधूनच शॉट न मारता आकडा उमटतो. 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी एलईडी पट्टी दोन्ही डिफ्यूजरांच्या वर सारख्या लांबीत चिकटवा. बॅटरीची वीज सरळ असते, लुकलुक नाही. एक अडचण मात्र येते. पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळजवळ नसतं आणि काही यंत्रांचे सेन्सर इन्फ्रारेडलाच जास्त संवेदनशील असतात. पांढरी पट्टी झगझगीत पेटलीय आणि क्रोनो मात्र आंधळा, असं झालं तर यंत्र बदलू नका, पट्टी बदला. अशा यंत्रासाठी इन्फ्रारेड एलईडीचीच पट्टी हवी.

धूळही आहेच. फेब्रुवारीपासून सेन्सरच्या भिंगावर बारीक थर बसतो. चष्म्याच्या कापडानं दर सत्रापूर्वी पुसा, शर्टाच्या टोकानं नको. डिस्प्ले उन्हात तापून काळा पडत असेल तर फक्त डिस्प्लेवर सावली करा, छत्री सगळ्या यंत्रावर धरू नका. 9 व्होल्टची बॅटरी अर्धी उतरली की विचित्र आकडे येऊ लागतात, त्यामुळे महत्त्वाच्या मोजणीला नवी घाला.

चुकीच्या आकड्यांना चेहरा असतो, तो ओळखायला शिका. 175 ची रायफल अचानक 345 किंवा 350 दाखवत असेल तर तुम्ही पेलेटचा वेग मोजलेलाच नाही. नळीतून निघालेल्या धक्क्याचा, म्हणजे आवाजाचा वेग मोजला आहे. आवाज 175 च्या पेलेटला सहज मागे टाकतो आणि त्या दाबानं सेन्सर हलतात. क्रोनो थोडा लांब न्या, किंवा मध्ये भोकाचा पुठ्ठा ठेवा. आकडा खूपच कमी, समजा 140, आला तर पहिला सेन्सर पेलेट येण्याआधीच चाळवला गेला, वेळ लांबला. पेलेट दोनदा-तीनदा दिसलंच नाही तर ते उंचावरून जात असेल किंवा नव्या शिशाची चकाकी आड येत असेल. चकाकत्या पेलेटवरून उजेड परावर्तित होतो आणि सावली पुसट होते. काळ्या मार्करनं पाच पेलेटांच्या पुढच्या टोकाला रंग द्या आणि तीच पाच मारून पाहा. फरक पडला तर दोष पेलेटचाही नाही, रायफलीचाही नाही, उजेडाचाच.

खात्रीची एक कसोटी आहे. दोन क्रोनो मिळत असतील तर एकामागे एक ठेवा आणि त्याच दहा पेलेटांवर दोघांचे आकडे लिहा. मागचा थोडा कमी दाखवणार, तो अंतरामुळे. पण फरक प्रत्येक शॉटला जवळजवळ सारखाच आला पाहिजे. मग दोघांची अदलाबदल करून पुन्हा दहा. एकाचे आकडे उड्या मारतात आणि दुसऱ्याचे शांत राहतात, तर दोषी सापडला.

एवढं झाल्यावरच रायफल.

दहा शॉटची एक मालिका धरा, तीनवर थांबू नका. मारण्याआधी वहीत तारीख, वेळ, तापमान, सिलिंडरचा दाब, पेलेटच्या डबीवरचा लॉट नंबर आणि डोक्याचा व्यास (4.49, 4.50 की 4.51), नळीपासूनचं अंतर आणि उजेड कसला होता ते लिहा. समजा आकडे असे आले: 174.2, 175.0, 174.6, 173.9, 175.3, 174.8, 174.4, 175.1, 174.0, 174.7. सरासरी 174.6. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतला फरक 1.4. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती साधारण किती विखुरले ते, 0.47. ही उत्तम रायफल. दहा शॉटमधला फरक 3-4 पर्यंत असला तरी आमच्या मते तिला हात लावू नये. सरासरी 171 आहे की 176, याची चिंता तर त्याहून कमी करा. रायफलीची साइट जुळवताना ती जमेस धरली जाते. बघायचा तो फरक.

त्याचा टार्गेटवर काय परिणाम होतो तेही मोजून पाहू. 10 मीटर जायला पेलेटला साधारण 0.06 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ते सुमारे 18 मिमी खाली येतं. वेग 2 टक्क्यांनी, म्हणजे साडेतीन मीटरनं घटला, तर ते आणखी 0.7 मिमी खाली जातं. 10 मीटर रायफलच्या टार्गेटवर दोन वर्तुळांतलं अंतर 2.5 मिमी, म्हणजे दशांश गुणातला 0.1 पाव मिमीला जातो. तेव्हा 0.7 मिमी म्हणजे जवळपास 0.3 गुण. शिकाऊ मुलाच्या हाताचा थरकाप याच्या कितीतरी पट मोठा असतो. राज्य पातळीवर 620 च्या वर खेळणाऱ्याला मात्र हा 0.3 दिसतो.

हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलीत फरक वाढलाच, तर पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. सिलिंडर 200 बारला भरा आणि दर दहा शॉटला दाब व सरासरी लिहीत जा. आलेख बराच वेळ सपाट जातो आणि एका दाबाच्या खाली घसरू लागतो. तो दाब वहीत लाल पेनानं लिहून ठेवा, स्पर्धेत सिलिंडर त्याच्या बराच आधी बदला. रेग्युलेटर गळतो का ते पाहायला पाच शॉट मारा, दहा मिनिटं रायफल तशीच ठेवा, पुन्हा पाच मारा. थांबल्यानंतरचा पहिला शॉट दर वेळी 3-4 मीटर चढा आणि पुढचे जागेवर, तर रेग्युलेटरच्या पुढचा दाब हळूहळू वर चढतोय. हे सीट (झडपेची बैठक) किंवा ओ-रिंगचं (रबरी कडीचं) काम, स्क्रू फिरवून जात नाही. जाणकार मेकॅनिककडेच द्या. 200 बारच्या हवेशी घरच्या पान्यानं खेळायचं नाही.

उन्हाचा हिशेबही करा. 20 अंशांना 200 बार भरलेलं सिलिंडर 40 अंशांना सुमारे 214 बारवर जातं. दुपारी बंद गाडीत त्याहून वर. सिलिंडर सावलीत, कापडात गुंडाळून न्या आणि त्याच्यावरची वैधतेची तारीख वाचा. कार्बन डायऑक्साइडच्या जुन्या पिस्तुलांचं तर आपल्या उन्हाळ्यात काहीच खरं नाही. 20 अंशांना त्या वायूचा दाब 57 बारच्या आसपास असतो, 31 अंशांच्या वर तो द्रवरूपात राहतच नाही आणि मग दाब किती चढणार ते सिलिंडर किती भरलंय यावर ठरतं. मे महिन्यात अशा पिस्तुलाची क्रोनोवरची मोजणी पहाटे करा, नाहीतर हिवाळ्यापर्यंत थांबा.

स्प्रिंगच्या एअरगनची गोष्ट निराळी. पहिले दहा-पंधरा शॉट मोजू नका. नुकतंच तेल घातलं असेल तर तेल जळून वेग 20-30 नं उसळतो, धुराचा वास येतो, आणि मालक खूश होतो. ती ताकद नव्हे, सील जळतंय. तेल जळून संपेपर्यंतचे आकडे खोडून टाका. वेग कायमचाच उतरला असेल तर स्प्रिंगला दोष देण्याआधी नळी जिथे मोडते त्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवून शॉट मारा. पट्टी फडफडली तर हवा तिथून निसटतेय. काही रुपयांची ओ-रिंग लागेल.

वेगाचा आणखी एक उपयोग कायद्याचा. आर्म्स रूल्स 2016 मध्ये एअरगनसाठी पेलेटच्या ऊर्जेची 20 जूल आणि नळीच्या व्यासाची 4.5 मिमी अशी रेघ आखलेली आहे. तिच्या पलीकडे परवाना लागतो. जूल काढायचे तर पेलेटचं वजन किलोमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 2. 0.53 ग्रॅमचं पेलेट 175 ला 8.1 जूल देतं, त्याच पेलेटला 20 जूल गाठायला सुमारे 275 चा वेग लागतो. वजन डबीवरून उचलू नका. एकच पेलेट 0.01 ग्रॅमच्या काट्यावर तोललं तर काट्याचा एक आकडाच 2 टक्के होतो. ओळखीच्या सराफाकडे जा आणि मोजून 100 पेलेट एकदम काट्यावर टाका. 53.12 ग्रॅम भरले तर एक 0.531 चं. घरी आलात की साबणानं हात धुवा, शिसं आहे ते. शक्तीच्या कागदावर वेगाशेजारी पेलेटचं वजन नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

क्रोनो नसेल तर मोबाइल आहे. आवाज नोंदवणाऱ्या अ‍ॅपमध्ये शॉटचा आणि पेलेट ट्रॅपवर आदळण्याचा, असे दोन टोकदार डोंगर दिसतात. मोबाइल नळीजवळ ठेवला तर दुसऱ्या आवाजाला 10 मीटर परत यायला लागलेला वेळ वजा करावा लागतो, आणि तो तापमानावर ठरतो. 20 अंशांना 29.1 मिलिसेकंद, 40 अंशांना 28.2. जानेवारीचं गणित मे महिन्यात वापरलं तर या जवळपास एका मिलिसेकंदानं वेग दीड टक्क्यानं चुकतो. त्यापेक्षा मोबाइल बरोबर मधोमध, 5 मीटरवर, रेषेपासून बाजूला आडोशाला ठेवा. दोन्ही आवाजांना सारखाच वेळ लागतो आणि वजाबाकीच नको. मिळतो तो 10 मीटरभरातला सरासरी वेग, नळीच्या तोंडाचा नाही. क्रोनोच्या आकड्याशेजारी तो लिहू नका, त्याचा वेगळा रकाना करा.

ज्वारीच्या राखणीला बसलेली पोरं विचारतात तो गोफणीच्या दगडाचा वेगही मोबाइलनंच निघतो. क्रोनोवरून गोफण मारायचा विचारही नको, दगड नेमका सुटेल याची हमी नाही. मोकळ्या शेतात 5 मीटरवर दोन काठ्या रोवा, बाजूला वीसेक पावलांवर मोबाइल स्थिर ठेवून सेकंदाला 240 चित्रांवर व्हिडिओ घ्या आणि दगड एका काठीपासून दुसरीपर्यंत जाईतो चित्रं मोजा. 40 भरली तर वेग 30 मीटर प्रति सेकंद. एक चित्र इकडे-तिकडे झालं तर अडीच टक्के चूक, तेवढी चालते. मारणाऱ्याच्या मागे आणि पुढे कुणीही उभं राहायचं नाही.